अंटार्क्टिकाला छोट्या जहाजाने: आधी माणसं मोजा, मग खोली बघा

ताई आणि मी अंटार्क्टिकाला जायचं ठरवलं तेव्हा पहिल्या एजंटाने आम्हाला तासभर नुसत्या खोल्या दाखवल्या. खिडकीची खोली, बाल्कनीची खोली, बाथटबवाली खोली. निघता निघता ताईने सहज विचारलं, "जहाजावर माणसं किती असतात?" तो म्हणाला, "साडेचारशे. पण मॅडम, गर्दी जाणवतच नाही." आम्ही आगाऊ रक्कम भरायच्या बेतात होतो. त्या रात्री तिथले नियम वाचायला बसलो आणि कळलं, की ताईने जाता जाता विचारलेला प्रश्नच खरा पहिला प्रश्न होता.

तिकडे पर्यटन चालवणाऱ्या कंपन्यांची आयाटो नावाची संघटना १९९१ पासून आहे. तिचा नियम सरळ आहे: एका जागी एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी किनाऱ्यावर, आणि दर २० जणांमागे किमान एक वाटाड्या. एका जागी एका वेळी एकच जहाज. ज्या जहाजावर ५०० पेक्षा जास्त प्रवासी आहेत, त्यातून कुणालाही उतरवायचं नाही, डेकवरूनच बघायचं. अंटार्क्टिक करारातल्या देशांनीही २००९ मध्ये या मर्यादा उचलून धरल्या.

आता हिशोब मांडा. अकरा दिवसांची सहल म्हणजे अंटार्क्टिकातले अकरा दिवस नव्हेत. पहिल्या दिवशी संध्याकाळी जहाज सुटतं, जायला दोन दिवस, यायला दोन दिवस, शेवटच्या सकाळी उतरवून देतात. हातात राहतात पाच. दिवसाला सकाळ-दुपार असे दोन उतार, म्हणजे किनाऱ्यावर उतरायच्या दोन खेपा, धरले तर दहा, त्यातले दोन वारा खातो असं समजा. उरले आठ. एका उताराला साधारण तीन तास मिळतात. जहाजावर शंभर माणसं असतील तर तीनही तास तुमचे, म्हणजे एकूण चोवीस. दोनशे असतील तर दोन पाळ्या होतात आणि बारा तास जमिनीवर मिळतात. उरलेल्या वेळी रबरी बोटीतून हिमनग बघत फिरवतात, तेही काही वाईट नसतं. साडेचारशे असतील तर पाच पाळ्या. एका वेळी पस्तीस-चाळीस मिनिटं, त्यात बूट धुणं आणि लाइफ जॅकेट चढवणं आलंच. जेमतेम पाच तासांसाठी अर्धी पृथ्वी ओलांडायची का, हे ज्याने त्याने ठरवावं. आम्ही एकशे दहा माणसांचं जहाज धरलं आणि बाल्कनीवर पाणी सोडलं.

लहान जहाजाची दुसरी बाजूही सांगते. ते हलतं, आणि चांगलंच हलतं. लिफ्ट असेलच असं नाही, खोल्या लहान असतात आणि करमणूक म्हणजे व्याख्यानं. ज्यांना जहाज म्हणजे तरंगतं हॉटेल हवं आहे त्यांनी मोठंच घ्यावं, त्यात कमीपणा नाही.

नेमकं कुठे जातो आपण

सहसा "अंटार्क्टिका" म्हणजे अंटार्क्टिक द्वीपकल्प, खंडाची दक्षिण अमेरिकेकडे वर आलेली शेपटी. जहाज अर्जेंटिनाच्या उशुआइया बंदरातून सुटतं, बीगल खाडीतून बाहेर पडतं, ड्रेकची सामुद्रधुनी ओलांडतं आणि साउथ शेटलँड बेटांशी पोचतं. पुढे द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्याने खाली. नावं ऐकू येतील ती साधारण ही: हाफ मून बेट, डिसेप्शन बेट, कुव्हरव्हिल, नेको हार्बर, पॅराडाइज हार्बर, पीटरमन. आणि लमेर खाडी, दोन्ही बाजूंना उभे कडे असलेली ११ किलोमीटरची चिंचोळी वाट. बर्फाने तोंड बंद केलं असेल तर कप्तान तिथूनच मागे वळवतो.

ओळखीतला प्रत्येक माणूस विचारतो, "म्हणजे आपलं मैत्री केंद्र दिसेल?" नाही दिसणार. मैत्री हे भारताचं संशोधन केंद्र या किनाऱ्यापासून सुमारे तीन हजार किलोमीटरवर आहे, आपलं भारती केंद्र त्याहून लांब. एम्परर पेंग्विनही दिसतील असं धरू नका, त्यांच्या वसाहती या वाटेवर नाहीत. पांढरी अस्वलं तर उत्तर ध्रुवाकडची. ती हवी असतील तर नॉर्वेचं स्वालबार्ड गाठा.

दिसतात ते तीन जातींचे पेंग्विन. जेंटू, नारिंगी चोचीचे आणि डोळ्यावर पांढरा ठिपका असलेले. चिनस्ट्रॅप, ज्यांच्या हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा लावल्यासारखी काळी रेघ असते. आणि अडेली, काळं डोकं, डोळ्याभोवती पांढरी कडा. शिवाय वेडेल, क्रॅबईटर आणि लेपर्ड सील, हंपबॅक आणि मिंकी देवमासे, नशीब जोरावर असेल तर ऑर्का. किंग पेंग्विनांचे लाखांचे थवे हवे असतील तर साउथ जॉर्जिया बेट जोडलेली सहल बघावी लागते. ती अठरा-वीस दिवसांची असते आणि किंमतही तशीच.

महिना

मोसम नोव्हेंबर ते मार्च. नोव्हेंबरात बर्फ ताजा आणि खोल असतो, पेंग्विन घरटी मांडत असतात, काही जागा मात्र अजून गोठलेल्या असतात. डिसेंबरच्या अखेरीपासून अंडी फुटतात आणि रात्र अशी होतच नाही. नाताळात दर सगळ्यात चढे. फेब्रुवारीत पिल्लं मोठी झालेली असतात, बर्फ वितळून किनाऱ्यावर चिखल होतो, पण देवमाशांसाठी हाच महिना. मार्चमध्ये देवमासे भरपूर, पेंग्विन पांगायला लागलेले, सूर्यास्त बघण्यासारखे. आम्ही फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा घेतला. फोटोतल्यासारखा पांढराशुभ्र किनारा हवा असेल तर फेब्रुवारीत जाऊ नका, पाय गुलाबी चिखलात जातात. तो गुलाबी का, ते पुढे.

पैसे आणि पैशांआधीचे प्रश्न

आम्ही चौकशी केली तेव्हा लहान जहाजाचे दर दोघांच्या खोलीत माणशी सात-आठ हजार अमेरिकी डॉलरपासून सुरू होत होते, पुढे आभाळाला हात लावतील तितके. तिघांची किंवा चौघांची खोली सगळ्यात स्वस्त पडते. एकट्याने जाणाऱ्याला काही कंपन्या त्याच लिंगाचा जोडीदार शोधून देतात, नाहीतर एकट्याच्या खोलीचा जादा भार पडतो. भारतातून पॅकेज घेतलं की टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने जागेवरच घेतलेला आगाऊ कर, कापतात. ते पैसे बुडत नाहीत, आयकर विवरणपत्रात वळते करून घेता येतात, पण भरताना हाताशी असावे लागतात. दर वरचेवर बदलतो, तेव्हा सीएला विचारून घ्या.

वर्ष-दीड वर्ष आधी नोंदणी केली तर मधल्या खोल्या मिळतात. उशुआइयात जाऊन ऐनवेळी स्वस्तात जागा पकडणारे लोक आहेत, पण हातात खुला व्हिसा आणि मोकळा महिना असणाऱ्यांचं ते काम आहे.

पैसे भरण्याआधी हे लेखी विचारा: या फेरीला जास्तीत जास्त प्रवासी किती? प्रत्यक्ष अंटार्क्टिकात पूर्ण दिवस किती? कंपनी आयाटोची सदस्य आहे का? (यादी संघटनेच्या संकेतस्थळावर असते, स्वतः बघा.) वाटाडे किती? कोट मिळतो का, बूट मिळतात का? कायाक आणि बर्फात तंबूत झोपणं किमतीत धरलंय की वेगळं? आणि आपल्यासाठी कळीचा प्रश्न, जेवणाचा. शाकाहारी असाल तर फॉर्मवर नुसतं "व्हेज" लिहून भागत नाही. "मासे नाहीत, अंडी चालतात किंवा नाहीत, चिकनच्या पाण्यातलं सूप नाही" असं फोडून लिहा. आमच्या जहाजावर डाळ मिळाली. ताईने आचाऱ्याला फोडणीत लसूण केव्हा टाकायचा ते खुणेने सांगितलं, आणि तिसऱ्या दिवसापासून ती डाळ एक डच जोडपंही मागायला लागलं.

खोली निवडताना खालचा मजला आणि जहाजाचा मध्य घ्या. झोपाळ्याच्या मध्याशी झोका कमी लागतो, तसंच. वरच्या मजल्यावरची महागडी खोली ड्रेकमध्ये सगळ्यात जास्त डुलते.

विमा

जहाजावर डॉक्टर असतो, छोटासा दवाखाना असतो, पण हॉस्पिटल दोन दिवस लांब. म्हणून तातडीने बाहेर काढण्याचा खर्च धरणारा विमा कंपन्या सक्तीचा करतात आणि त्याची किमान रक्कमही ठरवून देतात. भारतातल्या साध्या प्रवास विम्यात "अंटार्क्टिका वगळून" अशी ओळ बारीक अक्षरात सापडू शकते. पॉलिसीत खंडाचं नाव स्पष्ट लिहून घ्या. साठीपुढच्या माणसांनी आधीचे आजार लपवू नयेत. दावा नेमका तिथेच फेटाळला जातो.

कागद, विमानं आणि पिवळं पुस्तक

भारतीय पासपोर्टला अर्जेंटिनाचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा चालू पर्यटक व्हिसा असणाऱ्यांना २०२५ पासून सवलत आहे. तुमच्या बाबतीत काय लागू होतं ते मुंबईतल्या अर्जेंटिनाच्या वाणिज्य दूतावासाकडून पक्कं करा. जहाज अर्जेंटिनातून बाहेर पडून पुन्हा आत येतं, तेव्हा प्रवेश किती वेळा आहे तेही विचारा. मुंबईहून ब्युनोस आयरेसला थेट विमान नाही. आखातातून, आफ्रिकेतून किंवा युरोपातून जावं लागतं, बरेचदा वाटेत ब्राझील. प्रत्येक थांब्याचा ट्रान्झिट नियम वेगळा, तिकीट काढण्याआधी बघा.

ब्युनोस आयरेसला दोन विमानतळ आहेत. परदेशी विमानं एसेसाला उतरतात, उशुआइयाची बहुतेक विमानं शहरातल्या आएरोपार्केहून सुटतात. दोहोंमध्ये गर्दीच्या वेळी तासाहून जास्त लागतो. जोडविमान तीन तासांचं ठेवलंत तर गेलंच म्हणून समजा. देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादाही कमी असते, मुंबईहून २३ किलोची बॅग घेऊन निघालात तर तिथे जादा पैसे मोजावे लागू शकतात. आणि उशुआइयाला जहाजाच्या आधी किमान एक, जमल्यास दोन रात्री पोचा. जहाज कुणासाठी थांबत नाही. आमच्या एका सहप्रवाशाची बॅग मागे राहिली. त्याने अकरा दिवस दुसऱ्यांच्या स्वेटरवर काढले.

आता पिवळ्या तापाची लस. अर्जेंटिनात शिरताना कुणी विचारत नाही, म्हणून लोक ती विसरतात. पण भारताच्या यादीत अर्जेंटिना आणि ब्राझील दोन्ही पिवळ्या तापाचे देश आहेत. परतताना लसीचं प्रमाणपत्र, म्हणजे ते पिवळं पुस्तक, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, आधी वेळ घ्यावी लागते, आणि टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. एकदा घेतली की जन्मभर पुरते. साठीवरच्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरशी बोलावं. ताईच्या बाबतीत डॉक्टरांनी दोनदा विचार केला होता.

बॅगेत काय

भीती घालतात तितकी थंडी नसते. उन्हाळ्यात किनाऱ्यावर तापमान शून्याच्या आसपास, कधी चार-पाच वर, कधी तितकंच खाली. त्रास देतात वारा आणि पाणी. म्हणून एका जाड कोटापेक्षा थर महत्त्वाचे: अंगाला लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा पातळ थर, त्यावर फ्लीस, वर वारा-पाणी न शिरणारा कोट. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा, ओलं सूत अंगातली ऊब खेचून घेतं.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे वॉटरप्रूफ पँट. "वॉटर रेझिस्टंट" नव्हे. दुकानातला मुलगा दोन्ही एकच म्हणेल. घरी पँट चढवून शॉवरखाली स्टुलावर दहा मिनिटं बसा. बूड ओलं झालं तर परत करा. बोटीत तुम्ही रबराच्या ओल्या कडेवरच बसणार आहात. ही परीक्षा मी घरी घेतली तेव्हा घरचे हसले, आणि पहिली पँट नापास झाली.

हातमोजे दोन जोड्या, आत पातळ आणि बाहेर पाणी न शिरणारे, शिवाय एक राखीव जोडी. कारण एक मोजा समुद्रात जातोच. गॉगल आणि भरपूर सनस्क्रीन हवंच, बर्फावरून ऊन खालूनही लागतं आणि नाकपुड्यांची आतली बाजूसुद्धा भाजते. उंच रबरी बूट बहुतेक जहाजं देतात, मापाचा आकडा आधी कळवा आणि जाड मोज्यांसह कळवा. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या थंडीत भराभर उतरतात, जादाच्या आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. बाहेरून आत येताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून मगच खोलीत न्या, नाहीतर उबदार हवेत भिंगावर आणि आतही दव धरतं. ड्रोन नेऊ नका, सहलींत मनाई आहे.

कुसळं

ड्रेकमध्येच एका दुपारी सगळ्यांना बाहेरचे कपडे, बॅगा, काठ्या घेऊन बैठकीच्या खोलीत बोलावतात. व्हॅक्यूम क्लीनर, चिमटे, ब्रश, टाचण्या मांडलेल्या असतात. खिशांच्या शिवणी, वेल्क्रो, बुटांच्या खाचा, सगळं साफ करायचं, मग एक कागद सही करून द्यायचा. बाहेरचं बी त्या जमिनीत जाऊ नये म्हणून. ही काळजी उगाच नाही. किंग जॉर्ज बेटावर पोआ अॅन्युआ नावाचं बाहेरचं गवत आधीच रुजलेलं आहे.

ताईने तिचं जुनं जॅकेट आणलं होतं, जे आदल्या ऑक्टोबरात राजमाचीला घातलेलं. त्याच्या मनगटाच्या वेल्क्रोत सह्याद्रीची कुसळं. ज्यांनी पावसाळ्यानंतर ट्रेक केलाय त्यांना माहीत आहे, कुसळ ओढून निघत नाही, उलट आत शिरतं. वाटाड्या मुलगी गुडघ्यावर बसून चिमट्याने एकेक उपसत होती. तेवीस निघाली. ताई ओशाळून म्हणाली, "अगं, हे गवत दोन दिवसांत वाळतं, तिथे काय जगणार?" मुलीने ते सगळं एका पाकिटात बंद केलं आणि वर लिहिलं "भारत". तेव्हा ट्रेकचे कपडे नेणार असाल तर घरीच धुऊन, वेल्क्रो जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ करून न्या.

ड्रेक

दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला हा समुद्र अरुंद जागी आठशे किलोमीटरचा. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्या-लाटांना त्या अक्षांशावर पृथ्वीभर कुठेही जमीन आडवी येत नाही, म्हणून तो एवढा माजलेला. कधी तळ्यासारखा शांतही असतो, आम्हाला जाताना खवळलेला मिळाला, येताना झोपलेला.

ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना इथे बोट लागणार असं धरूनच चाला. औषध त्रास सुरू झाल्यावर नव्हे, जहाज बीगल खाडीत असतानाच घ्यायचं. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. कोणती गोळी, किती, हे आपल्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः काचबिंदू, प्रोस्टेट किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर. बहुतेकांना झोप येते, तीच उत्तम. पोट रिकामं ठेवू नका, कोरडं काहीतरी चघळत राहा. आम्ही आलेपाकाच्या वड्या नेल्या होत्या, दुकानातल्या, पाकीटबंद. दुसऱ्या दिवशी अर्ध्या जहाजाला आमची खोली माहीत झाली होती.

चालताना एक हात कायम कठड्याला. दार बंद करताना बोटं चौकटीत नकोत. या प्रवासात सगळ्यात जास्त मोडतात ती बोटंच, असं आमच्या डॉक्टरने सांगितलं. मोबाइल, चष्मा, पाण्याची बाटली रात्री जमिनीवरच ठेवा. नाहीतरी तिथेच येणार आहेत.

पहिल्याच दिवशी आपत्कालीन सराव होतो, लाइफ जॅकेट घालून ठरल्या जागी उभं राहायचं. कंटाळू नका. २००७ च्या नोव्हेंबरात एक्स्प्लोरर नावाचं लहान जहाज बर्फावर आपटून साउथ शेटलँडजवळ बुडालं. त्यावरचे सगळे १५४ जण वाचले, कारण ते वेळेत होड्यांत बसले.

ज्यांना ड्रेक झेपणारच नाही, त्यांच्यासाठी चिलीच्या पुंता अरेनासहून किंग जॉर्ज बेटापर्यंत विमानाने जाऊन तिथून जहाज धरायची सोय आहे. दोन दिवसांचं काम दोन तासांत होतं. पण धुकं पडलं तर विमान उडत नाही, आणि पैसे बरेच जास्त. शिवाय डेकच्या मागे अल्बट्रॉस तासन् तास पंख न हलवता तरंगतो, ते हुकतं.

रबरी बोटीत चढणं

वय झालेल्यांना या एकाच गोष्टीची धास्ती असते, म्हणून सावकाश सांगते. जहाजाच्या कुशीला लोखंडी जिना सोडतात. खाली झोडियाक, म्हणजे दहाएक माणसांची रबरी बोट, लाटेबरोबर वर-खाली होत असते. दोन्ही हात मोकळे हवेत, कॅमेरा पाठीवरच्या बॅगेत. खालचा खलाशी हात पुढे करतो. पंजा धरायचा नाही, त्याचं मनगट तुम्ही आणि तुमचं मनगट त्याने, असं धरायचं. ओला पंजा निसटतो, मनगट निसटत नाही. बोट वर आली की तो म्हणतो "आता". तेव्हा एक पाय रबराच्या कडेवर, दुसरा बोटीतल्या पायरीवर, मग तळाशी, आणि लगेच बसायचं, बसूनच सरकत जायचं. तो "थांब" म्हणाला तर थांबायचं, उडी मारायची नाही. चालकाला विचारल्याशिवाय उभं राहायचं नाही.

किनाऱ्याला घाट-धक्का काही नसतो. बोटीचं नाक दगडांवर टेकवतात, बसल्या बसल्या नाकाकडे सरकायचं, पाय बाहेर टाकायचे आणि घोटाभर-गुडघाभर पाण्यात उतरायचं. ताई चौसष्टची, एका गुडघ्याची वाटी बदललेली. तिने जायच्या आधी सहा महिने जिने चढ-उतार आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं एवढंच केलं. सगळे आठ उतार तिने केले. मी सात, एक मी झोपून घालवला.

किनाऱ्यावर

आधी वास येतो. बोट किनाऱ्यापासून अजून शंभर हात लांब असतानाच. पेंग्विन क्रिल खातात, क्रिल म्हणजे आपल्या जवळ्याचा थंड समुद्रातला थोराड भाऊबंद, बोटभर लांबीचा. तेच पचून खडकांवर पडतं आणि म्हणून चिखल गुलाबी. हर्णैच्या किनाऱ्यावर सुकट वाळत घातलेली असताना पाऊस पडून गेला तर जो वास येईल, तो दहापट करा. मला दहा मिनिटांत सवय झाली, ताईला झालीच नाही.

नियम असे. पेंग्विनांपासून किमान पाच मीटर, फर सीलपासून पंधरा. पेंग्विन स्वतः तुमच्याकडे चालत आला तर तुम्ही स्तब्ध राहायचं, त्याला नियम लागू नाहीत. बर्फात पेंग्विनांच्या ये-जा करायच्या वाटा पडलेल्या असतात, आपल्याकडे गुरांच्या पडतात तशा. त्या ओलांडायच्या असतील तर सांगतील तिथूनच, आणि वाटेत पेंग्विन असेल तर थांबून त्याला आधी जाऊ द्यायचं. बर्फात पाय मांडीपर्यंत गेला तर खड्डा पुन्हा बुजवायचा, त्यात पडलेल्या पेंग्विनाला वर येता येत नाही. खाणं न्यायचं नाही. दगड, पीस, हाड, काही उचलायचं नाही. शौचाला जहाजावरच जाऊन यायचं, तीन तासांचा अंदाज धरून चहा प्या.

२०२४ च्या सुरुवातीला द्वीपकल्पावर बर्ड फ्लू सापडला. त्याच्या धास्तीने जमिनीवर बसणं, गुडघे टेकणं, बॅग ठेवणंही बंद आहे. फोटोसाठी लोळण घेणाऱ्यांची अडचण झाली. चढताना-उतरताना बूट जंतुनाशकात बुडवून घासून घेतात, दर वेळी, अगदी पाच मिनिटांसाठी उतरलात तरी.

आता माझं मत. पहिल्या उतारात सगळे पळापळ करतात, टेकडीवर चढतात, दोनशे फोटो काढतात. तुम्ही तसं करू नका. वसाहतीच्या कडेला एक जागा धरा आणि अर्धा तास हलू नका. कुव्हरव्हिलला आम्ही तसे उभे राहिलो. एक जेंटू आई समुद्रातून वर आली, तिची दोन गलेलठ्ठ पिल्लं तिला ओळखून धावली, आणि ती उलटी पळत सुटली. पिल्लं मागे. दगडांवरून, दुसऱ्यांच्या घरट्यांतून, चोची खात. एक पिल्लू धडपडून तोंडावर पडलं, दुसरं पोचलं, त्याला आईने चोचीत चोच घालून भरवलं. पडलेलं उठून आलं तर ती पुन्हा पळाली. जेवायला धावायला लावणारी आई. ताई म्हणाली, "आपली आई ताट घेऊन आपल्यामागे पळायची, इथे उलटं." साडेचारशेच्या जहाजातून आलो असतो तर ते दृश्य निम्मं सोडून बोटीत बसावं लागलं असतं.

कार्यक्रमपत्रिकेला फार चिकटू नका. सकाळी नऊला नेको लिहिलेलं असेल आणि वाऱ्यामुळे भलतीकडेच जाल. भांडून उपयोग नाही. रात्री जहाजाच्या पुलावर, म्हणजे कप्तान असतो तिथे, बऱ्याच लहान जहाजांत प्रवाशांना जाऊ देतात. गप्प उभं राहायचं. हिमनगांमधून जहाज कसं काढतात ते तिथूनच दिसतं. हंपबॅक शेपटी वर काढेल तेव्हा तिच्या खालच्या बाजूचा फोटो घ्या. ती नक्षी प्रत्येकाची वेगळी असते आणि हॅपीव्हेल नावाच्या उपक्रमाला फोटो पाठवला तर तोच देवमासा आधी कुठे दिसला होता तेही कळू शकतं.

डिसेप्शन बेट म्हणजे पाण्याने भरलेलं ज्वालामुखीचं तोंड. नेपच्यून्स बेलोज नावाच्या फटीतून जहाज आत शिरतं. आत काळी वाळू, वाफाळता किनारा आणि देवमाशांचं तेल काढायच्या जुन्या कारखान्याच्या गंजलेल्या टाक्या. ज्वालामुखी १९६७ ते १९७० मध्ये तीनदा उसळला होता. बर्फगार पाण्यात उडी मारण्याचा सोहळाही कुठेतरी होतोच. हृदयाचा त्रास असेल तर टाळ्या वाजवा, उडी नको.

पोस्टकार्ड

पोर्ट लॉक्रॉयला १९४४ चं ब्रिटिश ठाणं आहे, आता संग्रहालय आणि टपालघर. जेंटू पायऱ्यांवरच घरटी करतात. इथून पाठवलेलं कार्ड फॉकलंड बेटं, मग ब्रिटन, मग घर असं फिरत येतं, महिने लागतात. टपालाच्या बाबतीत आपणही मागे नाही. अंटार्क्टिकातल्या आपल्या पहिल्या, दक्षिण गंगोत्री केंद्रात १९८४ मध्ये भारतीय टपालघर निघालं आणि ते गोवा विभागाखाली होतं. वास्कोतल्या ध्रुवीय संशोधन केंद्रातूनच सगळ्या मोहिमांची सूत्रं हलतात. २०२४ मध्ये भारती केंद्रात टपालघर उघडलं, त्याला पिन दिला एमएच-१७१८. म्हणजे कागदोपत्री अंटार्क्टिकाचा एक कोपरा महाराष्ट्र सर्कलमध्ये.

जहाजावर सगळा खर्च खोलीच्या खात्यात चढतो, शेवटी डॉलरमध्ये कार्डाने भरायचा. बक्षिसी म्हणून दिवसाला माणशी पंधराएक डॉलर धरून ठेवा. इंटरनेट असतं, पण महाग किंवा मंद असू शकतं. घरी सांगून ठेवा की आठ दिवस फोन नाही आला तर घाबरू नका.

परतताना तिथे घातलेले सगळे कपडे एका वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून भरा. बूट परत द्यायचे, पँट मात्र तुमची आहे आणि तिच्या शिवणीत गुलाबी चिखल आहे. दोन धुण्यांत जात नाही. पिवळं पुस्तक चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, ते हातात ठेवा. मुंबईला उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधीच आरोग्य खात्याचं टेबल असतं. आमच्या पुढे तिघे जण तिथे आपल्या बॅगांची वाट बघत उभे होते, आणि बॅगा होत्या पलीकडे, पट्ट्यावर.